किकऑफपुरता एक माणूस

सोमवारी पहाटे नेरूळच्या घरी चहा घेत अमेरिकन फुटबॉल पाहताना, एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील ५३ जणांच्या संघात केवळ किकऑफसाठी, म्हणजे खेळ सुरू करताना व गुण मिळाल्यावर चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे धाडण्यासाठी, एक जागा अडवणे ही चैन आहे, असे मला वाटत असे. २०११ मध्ये किकऑफ स्वतःच्या गोलरेषेपासून ३० ऐवजी ३५ यार्डांवरून होऊ लागल्यावर, समोरची गोलरेषा जवळ येऊन चेंडू तिच्यापलीकडे धाडणे सोपे झाल्याने, तर तो समज पक्काच झाला. २०२४ च्या नियमांनी मात्र गणित फिरवले: चेंडू थेट गोलरेषेपलीकडे धाडला, तर प्रतिस्पर्ध्याला त्याच्या गोलरेषेपासून ३० यार्डांवरून, आणि २०२५ पासून ३५ वरून, आक्रमण सुरू करता येते. त्यामुळे आता ताकदीपेक्षा नेमकेपणा हवा; गोलरेषेच्या अलीकडच्या २० यार्डांत, शक्यतो कोपऱ्यात, चेंडू वेडावाकडा उसळेल असा टाकणारा पाय मला मोलाचा वाटतो. (घरच्यांना हे अजूनही रग्बीच वाटते.)