जिताड्याच्या पिल्लांना पोटभर का घालायचं नाही?

शेततळ्यात जिताडा हा खाडीतला मासा सोडायचं खूळ आता आमच्या कोल्हापूरकडेही आलंय. खाणारे अलिबागचे, पण भाव ऐकला की आमच्यातला तांबडा-पांढऱ्यावर वाढलेला माणूसही कान टवकारतो. मी पिल्लांच्या खाद्याचं काम करतो, म्हणून गावी आलो की एकच विचारणा होते: "दिवसातनं पाच-पाच वेळा चिमटी चिमटी काय घालताय? म्हशीसारखं सकाळ-संध्याकाळ पोटभर घाला की!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. म्हशीच्या पोटात कोठार आहे, शिवाय ती हवेत श्वास घेते. एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. 28 अंशांच्या गोड्या पाण्यात तो लिटरला जेमतेम 8 मिलिग्रॅम विरघळतो, समुद्राच्या पाण्यात त्याहून कमी. आणि खाल्लेलं पचवायला, त्यातून अंगाचं मांस करायला प्राणवायू लागतो. भरपेट खाल्ल्यावर पुढचे काही तास माशाची प्राणवायूची गरज चांगलीच वाढते, उपाशी असतानाच्या दुपटीवरही जाते. तळ्यातली सगळी पिल्लं एकदम तट्ट फुगली तर सगळ्यांची मागणी एकाच वेळी चढणार. त्यात तळं हिरवंगार असेल तर शेवाळही रात्री तोच प्राणवायू ओढतं, आणि पहाटे पाणी सगळ्यात रिकामं असतं. संध्याकाळी हौसेने टाकलेल्या खाद्याचे परिणाम सकाळी पाण्यावर उलटे तरंगताना दिसतात. म्हणून पहिला हप्ता ऊन वर आल्यावर आणि शेवटचा दिवस मावळायच्या बराच आधी.

मग कमी घालायचं का? अजिबात नाही. जीव जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने त्याची भूक मोठी. 5 ग्रॅमची हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मिळून 5 किलो मासा. त्याला दिवसाला वजनाच्या 8 टक्के धरलं तर 400 ग्रॅम खाद्य, 80-80 ग्रॅमचे पाच हप्ते. हाच मासा अर्ध्या किलोचा झाला की 2 टक्क्यांच्या आसपास भागतं. टक्केवारी माशाच्या वजनावर असते, त्यामुळे दर आठ-दहा दिवसांनी थोडी पिल्लं जाळीत घेऊन वजन काढावंच लागतं. इथेच लोक कंटाळतात.

आणि पिल्लांना उपाशी ठेवलंत तर ती एकमेकांना खातात. जिताडा आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंडही गिळतो. कधी शेपूट तोंडाबाहेर लटकत असतानाच पोहत असतो. म्हणून प्रतवारी करून मोठी पिल्लं वेगळी काढायची.

हाताने घालताना पाण्याकडे बघा. भुकेली पिल्लं वर येऊन पाणी उकळल्यासारखं करतात. पोट भरत आलं की दाणा तोंडात घेतात आणि थुंकतात. तो पहिला थुंकलेला दाणा दिसला की हात थांबवायचा, मापात शिल्लक असलं तरी. तळाला गेलेला दाणा जिताडा सहसा उचलत नाही. तो तिथेच कुजून पाण्यात माशांना विषारी असा अमोनिया वाढवतो, आणि मासे कल्ल्यांवाटे टाकतात तो अमोनिया असतोच.

रोहू-कटला पाळणारे आमचे काही मित्र शेंगपेंड आणि भाताचा कोंडा घालू का विचारतात. नको. हा मांसाहारी मासा. पिष्टमय पदार्थ त्याला नीट वापरता येत नाहीत, अंगातली ऊर्जासुद्धा तो बरीचशी प्रथिनांतून काढतो. पिल्लांच्या खाद्यात 45 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, शिवाय माशाच्या तेलातली ओमेगा-3 चरबी. खाद्य महाग असतं ते त्यामुळे. वाया जाणारी प्रत्येक मूठ खिशाला जाणवते.

आता आपल्याकडची गोष्ट. मासा थंड रक्ताचा. पाण्याचा पारा उतरला की त्याचं पचन, भूक, वाढ सगळंच मंदावतं. किनाऱ्यावर हा प्रश्न फारसा येत नाही, पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बोचऱ्या असतात. तेव्हा खाद्याच्या पिशवीवरचा तक्ता बाजूला ठेवून तळ्यात थर्मामीटर टाका. पाणी 25 अंशांच्या खाली गेलं की खाद्य कमी करा, 20 पर्यंत उतरलं तर जवळपास बंदच ठेवा. न वाढलेल्या माशाला उन्हाळ्यात वाढवता येतं. आणि त्या दिवसांत वाचलेल्या पैशांतून, नसेल तर, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) घ्या. रात्री वीज जात असेल तर जनरेटरसकट.