ओ निगेटिव्ह निघाले, त्यानंतरचं सगळं

बाळंतपणासाठी नाव नोंदवायला गेले तेव्हा डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या. लॅबमधल्या ताईंनी पांढऱ्या टाइलवर माझ्या रक्ताचे तीन थेंब ठेवले. एकात निळं औषध घातलं, एकात पिवळं, एकात बिनरंगी, आणि काडीने ढवळलं. तिन्ही थेंब एकसारखे राहिले, कुठेच दाणे धरले नाहीत. "ओ निगेटिव्ह," त्या म्हणाल्या. आरएच, म्हणजे ग्रुप पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, कळतो तो त्या बिनरंगी औषधाच्या थेंबातून.

ह्यांचा ग्रुप बी पॉझिटिव्ह. लायसन्सवर छापलेलं मॅडमनी धरलं नाही, नव्याने तपासून घ्यायला लावलं. तेही निगेटिव्ह असते तर बाळ निगेटिव्हच झालं असतं आणि विषय तिथेच मिटला असता.

रिपोर्ट पाहून सासूबाईंनी विचारलं, "रक्त जुळत नाही, म्हणजे लग्नाआधीच बघायला हवं होतं का गं?" त्या काळजीनेच विचारत होत्या. पण हल्ली पत्रिकेसोबत ब्लड ग्रुप मागून निगेटिव्ह मुलींना नकार देतात, याचा मला मनापासून राग येतो. यात मुलीचा कसला दोष? बाळंतपणात बाळाचं थोडं पॉझिटिव्ह रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तिचं शरीर ते परकं समजून अँटिबॉडी तयार करतं. पहिलं बाळ सहसा सुखरूप सुटतं, पण त्या अँटिबॉडी मागे राहतात आणि पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. मग बाळाचं रक्त पोटातच कमी होतं, जन्मल्यावर जोराची कावीळ होते, कधी ते पोटातच दगावतं. हे टाळणारं अँटी-डी इंजेक्शन 1968 पासून मिळतंय. त्याआधी कितीतरी बायकांनी पहिल्यानंतरची मुलं गमावली आणि वर बोलणीही खाल्ली.

मॅडमची एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. त्यांनी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि मला एकटीला विचारलं, "आधी कधी दिवस राहून पडलेत का? गर्भ पाडायच्या गोळ्या घेतल्यात? रक्त चढवलंय?" घरच्यांसमोर किती जणी खरं सांगतील? आणि त्या वेळी अँटिबॉडी झाल्या असतील तर पहिलटकरीण म्हणून नोंदवलेलीचं बाळही धोक्यात असतं.

अँटिबॉडी आहेत का ते इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, म्हणजे आयसीटी, सांगते. माझी निगेटिव्ह आली. 28 व्या आठवड्यात ती पुन्हा केली आणि मग 300 मायक्रोग्रॅमचं अँटी-डी घेतलं. आधी रक्त द्यायचं, मग इंजेक्शन. उलटं केलं तर इंजेक्शनमुळेच टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. अँटिबॉडी एकदा झाल्या की या इंजेक्शनचा उपयोग नाही. मग सोनोग्राफीत डॉपलर, म्हणजे बाळाच्या रक्तप्रवाहाची तपासणी, करून बाळावर सतत लक्ष ठेवावं लागतं. इंजेक्शन महाग आहे, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं. आमच्या मेडिकलवाल्याने ते मागवून बर्फाच्या पिशवीत घालून दिलं.

मधल्या काळात रक्त गेलं, पडले, पोटाला मार बसला, तर त्याच दिवशी फोन करायचा, असं मॅडमनी बजावलं होतं. जादा डोस लागेल का, ते त्या ठरवणार होत्या.

बाळंतपण झालं तो रविवार. नाळेतून बाळाचं रक्त घेतलं. ग्रुप बी पॉझिटिव्ह. बाळाच्या तांबड्या पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते सांगणारी डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह म्हणजे मला 72 तासांच्या आत दुसरं इंजेक्शन हवं. वॉर्डात ड्युट्या बदलत होत्या आणि जो तो "बघतो" म्हणत होता. शेवटी आईने फाइल उघडून नर्सताईंसमोर धरली आणि इंजेक्शन दिल्याची वेळ लिहून घेईपर्यंत हलली नाही. निगेटिव्ह बाईच्या सोबतीला असं कुणीतरी हवंच.

आता मला पुन्हा दिवस गेलेत. आयसीटी केली, निगेटिव्ह आली. 28 व्या आठवड्याचं इंजेक्शन याही खेपेला घ्यायचंच आहे, मेडिकलवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय.