रेस दिली की मिनिटभरात दम तोडणारी बोट

बोट पहिल्या चावीला सुरू व्हायची. आयडल एकसारखं, मिसिंग नाही, धक्क्यावरून निघताना कुरकुर नाही. थ्रॉटल पुढे लोटला की नाक वर, मग पाण्यावर सपाट, काटा ४,४०० आरपीएमवर. आणि एखादं मिनिट गेलं की आवाज भरडा व्हायचा. काटा ४,०००, ३,६००, ३,०००... मागे दोरी धरून स्कीवर उभा असलेला माझा मुलगा हळूहळू गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत पाण्यात जायचा आणि वैतागून दोरी सोडायचा. थ्रॉटल मागे घेऊन जरा दम खाल्ला की सगळं पूर्ववत. पुन्हा रेस, पुन्हा तेच.

आम्ही मिनेसोटात राहतो, बोट मिनेटोंका तलावावर चालवतो. पाण्यावरचं स्कीइंग या राज्यातच जन्मलं. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने लेक पेपिनवर ते पहिल्यांदा करून दाखवलं, त्यामुळे इथल्या जुन्या लोकांना स्की-बोटींचा भारी अभिमान. माझी बोट १९९०च्या दशकातली. कोकणात इंजिन आत बसवलेली बोट म्हणजे डिझेल. इथे या जुन्या स्की-बोटींत पेट्रोलचं मोटारीचं इंजिन असतं. माझ्या बोटीत शेवरोलेच्या ट्रकमधला ५.७ लिटरचा व्ही-८ ब्लॉक आहे, बोटीसाठी बदल केलेला. इंजिन बोटीच्या मधोमध, तिथून शाफ्ट तळातून थेट बाहेर, वर चार तोंडांचा कार्बोरेटर. इंजेक्शन नाही, कॉम्प्युटर नाही. बिघाडाचा कोड दाखवणारं यंत्र जोडायला जागाच नाही, कान आणि डोकं वापरावं लागतं.

ऐकणारा प्रत्येक जण एकच निदान करत होता: कार्बोरेटर. शेजारच्या धक्क्यावरचे आजोबा म्हणाले कार्बोरेटर. मरिनाच्या मेकॅनिकने बोट न बघता, फोनवरच, कार्बोरेटर उघडून नवीन किट टाकायचा आकडा सांगितला, आणि तो आकडा ऐकून मी अधिक बारकाईने विचार करू लागलो. सांगलीला बाबांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर स्कूटर-मोपेडचं गॅरेज चालवलं. ते म्हणाले, "टाकीचं झाकण सैल करून पळवलीस का? हवा जात नसेल तर आत व्हॅक्यूम धरतो, पेट्रोल उतरत नाही."

"पळवली बाबा. फरक नाही."

"मग कार्बोरेटर खोल. जेट फुंक. अजून काय!"

मला पटत नव्हतं ते त्या एका मिनिटामुळे. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा असेल तर इंजिन पहिल्या सेकंदापासून कमी ओढेल, मिनिटभर थांबून मग नाही. पंखा वाकला असेल, त्यात पाणवनस्पती अडकली असेल, किंवा तळातल्या फोममध्ये पाणी मुरून बोट जड झाली असेल तर ती ४,४०० पर्यंत पोचणारच नाही. कॉइल तापून दगा देत असेल तर ती अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीने बरी होत नाही, चांगली थंड व्हावी लागते. शिवाय तेव्हा इंजिन फटफटतं. माझं फटफटत नव्हतं, गुदमरत होतं. ऐकणाऱ्याला हे दोन आवाज वेगळे कळतात.

मग कागदावर हिशेब मांडला. एवढं इंजिन पूर्ण रेसवर ताशी साधारण ७० ते ८० लिटर पेट्रोल पितं. म्हणजे सेकंदाला २० मिलिलिटरच्या आसपास. कार्बोरेटरच्या दोन्ही फ्लोट-बाउलमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या वाट्यांमध्ये) मिळून जेमतेम दहा-पंधरा सेकंदांचा साठा. मागून पेट्रोल पूर्ण बंद झालं तर इंजिन तेवढ्यातच मरेल. पण गरजेच्या ऐंशी टक्केच येत असेल, तर बाउल हळूहळू उतरत जातील आणि साधारण मिनिटाने तळ गाठतील. रेस कमी केली की तेवढंच पेट्रोल पुरून उरतं, बाउल पुन्हा भरतात. माझ्या बोटीचं वागणं याच्याशी तंतोतंत जुळत होतं. दोष असेल तर कार्बोरेटरच्या मागे, टाकीच्या बाजूला.

तरी इग्निशन एकदा नजरेखालून घालणं भाग होतं, नाहीतर मनात किडा राहतो. टायमिंग लाइट लावून पाहिलं, आयडलला १० अंश, रेस वाढवली की तीसच्या थोडं वर. म्हणजे डेल्कोमधली (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) टायमिंग पुढे सरकवणारी वजनं गंजून अडकलेली नाहीत. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ. कार्बोरेटरची मागची दोन तोंडं व्हॅक्यूमवर उघडतात. ती खरंच उघडतात का हे पाहायची एक जुनी युक्ती आहे. ती उघडणाऱ्या डायफ्रामच्या (रबरी पडद्याच्या) दांड्यावर कागदाला लावायची टाचणी-क्लिप वरपर्यंत सरकवून ठेवायची आणि एक फेरी मारायची. दांडा हलला असेल तर क्लिप खाली ढकललेली दिसते. दिसली. पूर्ण रेसवर पळवून, तिथेच चावी बंद करून प्लग काढले तर पोर्सेलिन पांढरंफटक. पेट्रोल कमी, हवा जास्त. हे बघितल्यावर मी मुलाचं स्कीइंग बंद केलं. असं उपाशी इंजिन भाराखाली रेटत राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

पुढची परीक्षा जरा धोक्याची आहे, म्हणून आधी थोडं सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. मोटारीत ती खाली रस्त्यावर निघून जाते, बोटीत मात्र तळाशी बिल्जमध्ये साठून राहते, आणि एक ठिणगी पुरते. म्हणूनच इथल्या कोस्ट गार्डचं सांगणं आहे की इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवा. म्हणूनच बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर, डेल्को हे ठिणगी बाहेर न पडू देणारे असतात, आणि कार्बोरेटरवर साध्या एअर फिल्टरऐवजी ज्वाळा अडवणारी जाळी असते. स्वस्त मिळतो म्हणून मोटारीचा स्टार्टर बोटीत बसवणाऱ्यांच्या शेजारी मी माझी बोट बांधत नाही. पेट्रोलची नळी सोडायची तर आधी बॅटरीची तार काढायची, खाली डबा धरायचा, सांडलेलं पुसायचं, आणि सगळं झाल्यावर ब्लोअरवर विसंबून न राहता बिल्जमध्ये नाक घालून वास घ्यायचा.

तर परीक्षा अशी: बोटीची टाकी, तिची नळी, फिल्टर सगळं बाजूला ठेवायचं आणि आउटबोर्ड इंजिनसाठी मिळते ती लाल प्लास्टिकची टाकी थेट फ्युएल पंपाला जोडायची. एक काळजी घ्यावी लागते. आउटबोर्डची नळी आणि तिचे खटके बारीक असतात, व्ही-८ ला तेवढ्यातून पेट्रोल पुरत नाही आणि परीक्षा खोटी ठरते. म्हणून मी ३/८ इंची नळीचा तुकडा टाकीच्या तोंडावर नीट क्लॅम्प करून घेतला. टाकी पट्ट्याने बांधली, शेजारच्या आजोबांना अग्निशामक हातात देऊन बसवलं. त्यांना ही जबाबदारी मनापासून आवडली.

बोट ४,६०० वर गेली आणि तिथेच राहिली. दोन मिनिटं, तीन मिनिटं, काटा हलेना. पंप ठीक, कार्बोरेटर ठीक, इग्निशन ठीक. एका फेरीत अर्धी बोट निर्दोष सुटली. आजोबा म्हणाले, "हं," आणि पुन्हा कार्बोरेटरचं नाव काढलं नाही.

उरलं काय? टाकीत हवा येण्याचा व्हेंट, टाकीतली उचल-नळी, टाकीच्या तोंडाशी असलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह, तिथपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर. अँटी-सायफन व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंगवर बसलेली छोटी गोळी. पुढे नळी कुठे फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बिल्जमध्ये उतरू नये म्हणून ती असते. पंपाने ओढलं तरच ती उघडते. ती चिकटली की नेमकी माझ्यासारखी लक्षणं दिसतात, त्यामुळे माझा पहिला संशय तिच्यावर होता.

जुनी टाकी परत जोडली आणि पंपाच्या अलीकडे टी टाकून व्हॅक्यूम गेज लावला. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच, आणि किमतीने मरिनाच्या मेकॅनिकच्या एका तासापेक्षा स्वस्त. पंपाला पेट्रोल ओढायला किती जोर लावावा लागतोय ते हा काटा दाखवतो. पूर्ण रेसवरही तो पाऱ्याच्या २ इंचांच्या आत राहायला हवा. माझा आयडलला शून्यावर, ३,००० वर दीड, आणि पूर्ण रेसवर वाढत वाढत सहाच्या पुढे. मुलगा काटा वाचून मोठ्याने सांगत होता, मी बोट चालवत होतो. साडेपाच म्हणाला आणि इंजिन बसायला लागलं.

आता एकेक वस्तू काढायची आणि काटा बघायचा. फिल्टर सोडून काचेच्या बरणीत रिकामा केला. पाण्याचा थर नाही, पण तळाशी काळे, पातळ कपचे. नवीन फिल्टर लावला, काटा जरासा उतरला, पुन्हा चढला. व्हेंटची जाळी स्वच्छ. कोळी तिथे घर करतात म्हणून तारेने बघून घेतली. अँटी-सायफन व्हॉल्व्ह काढला, गोळी मोकळी, स्प्रिंग शाबूत. खरं सांगायचं तर इथे मी थोडा हिरमुसलो, कारण नवीन व्हॉल्व्ह आणूनही ठेवला होता. पण ते काळे कपचे व्हॉल्व्हच्या पुढचे होते, आणि व्हॉल्व्ह ते फिल्टर यांच्यामध्ये नळीशिवाय काहीच नव्हतं.

नळी बाहेरून चांगली दिसत होती. तडा नाही, फुगवटा नाही, दाबली तर घट्ट. पंपाच्या टोकाकडून फुंकली तर हवा सहज जाते. टाकीच्या टोकाकडून फुंकली, म्हणजे पेट्रोल वाहतं त्या दिशेने, तर हळू फुंकल्यावर जाते आणि जोरात फुंकल्यावर अडते. मग ब्लेडने उभी चिरली. आतला अस्तर रबरापासून सुटला होता आणि एका जागी त्याची जीभ लोंबत होती. प्रवाह कमी असेल तर ती भिंतीला चिकटून पडून राही. प्रवाह वाढला की उठून तोंड अडवी. रेस कमी केली की पुन्हा आडवी.

कारण इथेनॉल. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये ते १० टक्के असतं, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या नळ्यांच्या अस्तराला ते सोसत नाही. त्यात आमचा हिवाळा: बोट ऑक्टोबरमध्ये झाकून ठेवायची ती एप्रिल-मेमध्ये उघडायची, तोपर्यंत नळीतलं पेट्रोल तसंच. मिनेसोटात कायद्याने पेट्रोलमध्ये इथेनॉल घालावं लागतं, पण बोटी, स्नोमोबिल, जुन्या संग्राह्य मोटारी आणि गवत कापायच्या यंत्रांसाठी इथेनॉल नसलेलं प्रीमियम विकायची मुभा आहे. कित्येक पंपांवर त्याची वेगळी नळी असते, फक्त वरची पाटी वाचावी लागते. महाग पडतं. मी आता तेच भरतो, निदान सप्टेंबरनंतरची शेवटची टाकी तरी.

नवीन नळी घेताना एक बघायचं. मोटारीच्या दुकानातली नळी बोटीत घालू नये. बाहेरच्या आवरणावर 'यूएससीजी टाइप ए१-१५' असा छाप हवा ('यूएससीजी' म्हणजे अमेरिकेचं कोस्ट गार्ड). 'ए१' म्हणजे आगीत अडीच मिनिटं तग धरणारी आणि सतत पेट्रोल भरलेलं राहील अशा जागेसाठीची. '१५' म्हणजे दिवसाला एका चौरस मीटर पृष्ठभागातून १५ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ न झिरपू देणारी. जाड असते, कोपऱ्यात वळत नाही, आणि बोटीच्या फरशीखालून ओवताना हातांची सालं निघतात. जुन्या नळीला नवीन नळी बांधून ओढायचा माझा बेत तिला चिरून ठेवल्यामुळे बाद झाला होता, म्हणून मुलाचे बारीक हात कामाला लावले. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून पाहिले, ब्लोअर, वास, मग चावी.

गेज अजून लावलेलाच होता. पूर्ण रेसवर काटा एकच्या खाली. ४,६०० आरपीएम, मुलगा मागे, आणि या खेपेला दोरी सोडली ती त्याचे हात भरून आले म्हणून. प्लगचा रंग पुढच्या आठवड्यात हलका तपकिरी झाला. बाबांना चिरलेल्या नळीचा फोटो पाठवला, त्यावर त्यांनी विचारलं, "बाकीच्या नळ्या त्याच वयाच्या ना?" होत्या. टाकीत पेट्रोल भरायची आणि व्हेंटची, दोन्ही बदलल्या.

एक गोष्ट राहिली आहे. झटकन थ्रॉटल दिला की उठायच्या आधी इंजिन क्षणभर अडखळतं. अॅक्सिलरेटर पंपाच्या डायफ्रामचं रबर कडक झालंय. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हलवला तर पिचकारी उशिरा आणि बारीक येते. तेव्हा बोट बाहेर काढली, ब्लॉकमधलं पाणी उतरवलं की या हिवाळ्यात गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडायचा आहे. किट मागवून ठेवलं आहे. आजोबांना अजून सांगितलेलं नाही.