१२ ची पिन आणि ११ मायक्रॉन

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं जॉबवर्कचं शेड आहे. केस हार्डन (वरचा थर, म्हणजे केस, तेवढा कडक केलेल्या) पिनांची ऑर्डर आली: व्यास १२ मिलिमीटर, स्मॉल एच ६ टॉलरन्स, म्हणजे मापात वर शून्य, खाली ११ मायक्रॉनची सूट, लांबी ८० मिलिमीटर. प्लॅनिंग माझ्याकडे, सेंटरलेस ग्राइंडिंग मशीन काकांकडे. त्यात पिन कशात पकडत नाहीत; ती खालच्या ब्लेडवर टेकते, एका बाजूचं ग्राइंडिंग व्हील तिला घासतं, दुसऱ्या बाजूचं रेग्युलेटिंग व्हील तिला फिरवत पुढे सरकवतं. (काका दांडिया बाजारचे. बोलतात मराठी, चिडतात गुजरातीत.)

ऑफिसात एकच प्रश्न, मिनिटाला किती? तो हिशेब सोपा. रेग्युलेटिंग व्हील ३०० मिलिमीटर व्यासाचं, ३० आरपीएम (मिनिटाला ३० फेरे), कल ३ अंश. माल मिनिटाला साधारण दीड मीटर सरकतो, म्हणजे १८ पिना. पण हे एका पासचं, म्हणजे मशीनमधून एकदा जाण्याचं. काका म्हणाले, "आधी माल दाखव, मग पास सांगतो."

माल हार्डनिंगहून वाकून आला होता. थ्रू-फीडमध्ये (पिन एका टोकाने आत, दुसऱ्याने बाहेर) वाक आपोआप निघेल ही आशा ठेवू नये. ०.१ मिलिमीटरच्या वर वाकलेल्या पिना सरळ करायला वेगळ्या काढल्या, बाकीच्यांवर व्यासात ०.२५ मिलिमीटर स्टॉक (घासून काढायचा जादा माल) होता. तीन पास ठरले: ०.१५, ०.०८, ०.०२. इथे व्हील जितकं पुढे घ्याल तितकाच व्यास उतरतो. लेथवर टूल जितकं पुढे घ्याल त्याच्या दुप्पट व्यास उतरतो; तिथून आलेल्या माणसाला ही दुपटीची सवय मोडावी लागते. शिवाय वाकलेल्या पिनेची एक बाजू जास्त घासली जाते, तिथली केस पातळ होते. म्हणून हीट ट्रीटमेंटवाल्याला केसची खोली ग्राइंडिंगचा स्टॉक धरून वाढवून सांगितली होती.

खरा वेळ ब्लेडच्या उंचीत गेला. पिनेचं केंद्र दोन्ही व्हीलच्या केंद्ररेषेवर ठेवलं, तर ती गोल न होता तीन कोनांची होते, आणि मायक्रोमीटर मात्र कुठेही लावा, सारखाच व्यास दाखवतो. सुरुवात व्यासाच्या निम्म्यापासून, म्हणजे ६ मिलिमीटर वर. फार वर गेलं की पिन ब्लेडवरून उड्या मारते, चॅटर (थरथरीच्या खुणा) येतो. मायक्रोमीटरला कोन दिसत नाहीत, म्हणून मी सेटिंग शीटमध्ये ६० अंशांच्या व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) डायल लावून पिन फिरवणं सक्तीचं केलं. कोन तिथे लगेच पकडले जातात. "व्ही-ब्लॉक वेळखाऊ आहे," असं म्हणणाऱ्याला मी तरी मशीनवर बसवणार नाही.

रेग्युलेटिंग व्हीलचं ड्रेसिंगही (हिऱ्याने पृष्ठभाग नीट करणं) कल लावूनच करायचं, नाहीतर पिन त्याच्या पूर्ण रुंदीवर टेकत नाही.

मे महिन्यातलं बडोदं विसरू नका. १२ मिलिमीटरची पोलादी पिन १५ अंशांनी तापली तर दोन मायक्रॉन फुगते. मोजायच्या पिना आता मास्टरशेजारी (तुलनेसाठीच्या प्रमाण मापाच्या तुकड्याशेजारी) थंड होईपर्यंत ठेवतो.

पुढच्या लॉटमध्ये डोकं असलेल्या पिना आहेत. त्या थ्रू-फीडने जाणार नाहीत, इनफीड (पिन जागेवर ठेवून व्हील आत घेणं) आणि स्टॉपर लागेल, दर वेगळा. डिलिव्हरी मात्र नवरात्रीच्या आधीची मागितली आहे, कारण त्या दिवसांत इथे रात्रपाळी लावायची हिंमत मालकालाही होत नाही.