साडेएकोणीस तासांची नोकरी आणि जर्मनीचा पीआर

जर्मनीत नगरपालिकेची अर्धवेळ नोकरी आठवड्याला साडेएकोणीस तासांची असते. तिथला पूर्ण आठवडा ३९ तासांचा, त्याचं निम्मं. आणि जोडीदाराच्या जोरावर लवकर पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मागणाऱ्याने किमान २० तास काम करायला हवं, असा कायदा आहे. या अर्ध्या तासाने माझं डोकं उठवलं.

नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) होता. बी१ (मध्यम पातळीचं) जर्मन येत असल्याने त्याला २१ महिन्यांत पीआर मिळाला. अशांच्या जोडीदाराला जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ९ (३ए) खाली पाचऐवजी तीन वर्षांत अर्ज करता येतो. माझं बी१, 'लेबेन इन डॉइचलांड' ही जर्मनीतल्या जीवनाची परीक्षा (३३ पैकी १५ बरोबर आले की झालं), विमा, घराचा करार, सगळं तयार होतं. पालिकेच्या वाचनालयातली नोकरीही पक्की होती.

आउसलेंडरबेहोर्डमध्ये (परदेशी नागरिकांच्या कार्यालयात) काउंटरवरच्या बाईंनी नोकरीचा करार उघडला, १९,५० (म्हणजे साडेएकोणीस) वर पिवळा मार्कर फिरवला आणि शेजारी पेन्सिलीने '२० पेक्षा कमी' असं लिहिलं. मी म्हटलं, अहो, पालिकेत अर्धवेळ म्हणजे एवढंच असतं! त्या हसल्या. "माहितीये, मी स्वतः साडेएकोणीसवरच आहे." पण कागद काही पुढे सरकेना. दुसरा मार्ग त्यांनीच सांगितला: पाच वर्षं होऊ द्या, मग नवऱ्याने भरलेले पेन्शनचे ६० मासिक हप्ते दोघांना चालतील. अर्ध्या तासापायी दोन वर्षं थांबायचं?

माझे तास वीस करायला वाचनालयाच्या प्रमुख लगेच तयार झाल्या. गाडी अडली ती पालिकेच्या आस्थापना विभागात. अर्धा तास कुठल्या पदातून काढायचा, मंजुरी कोणाची, सही करणारे साहेब रजेवर. फोन केला की "काम चालू आहे". शेवटी २० तासांचा सुधारित करार हातात आला, तर आउसलेंडरबेहोर्डला नव्या तासांच्या पगारपावत्या हव्या झाल्या. म्हणजे पुन्हा काही महिने. शिवाय नोकरी चालू आहे, राजीनामा वा नोटीस नाही, असं मालकाचं पत्र हवं, तेही दोन आठवड्यांपेक्षा जुनं नको. माझं पहिलं पत्र वाट बघण्यातच शिळं झालं. तेव्हा अपॉइंटमेंटची तारीख हाती आल्याशिवाय पत्र मागूच नका. त्यात आठवड्याचे तास आकड्यात लिहून घ्या.

हो, नवऱ्याच्या पीआर कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडायला विसरू नका. त्याच्या हातात ते कार्ड येण्याआधी तीन वर्षांच्या मार्गाने जाताच येत नाही.

११३ युरो भरले, बोटांचे ठसे दिले आणि यथावकाश कार्ड आलं. त्या दिवशी मी ऑफिसात मिठाई वाटली, आस्थापना विभाग सोडून.

नोकरी शोधत असाल तर मुलाखतीतच २० तास मागून घ्या. ४० तासांच्या कंपनीत अर्धवेळ म्हणजे बरोबर वीस, प्रश्नच नाही. पण मोटारींच्या कारखान्यांत जिथे युनियनचा ३५ तासांचा आठवडा आहे, तिथे निम्मं म्हणजे साडेसतरा भरतं.