पक्षीनोंदींसाठी एडिटर: ‘पांढऱ्या’ सापडतो का, हीच परीक्षा

पक्षीनोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्येच ठेवायच्या, हे गेल्या टप्प्यात पक्कं झालं होतं. एका फेरीची एक फाइल, वर तारीख आणि जागा, खाली जे दिसलं ते. तक्ते नाहीत, डेटाबेस नाही. प्रश्न उरला होता एडिटरचा. बरेच दिवस वेगवेगळे एडिटर चालवून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की मराठीत नोंदी ठेवणाऱ्याने एडिटर आधी शोधावर पारखावा. रंगसंगती, टॅब, प्लगिन हे सगळं त्यानंतर.

त्याला कारणही तसंच आहे. पुण्याजवळच्या कवडीपाटच्या नोंदींमध्ये ‘पांढऱ्या छातीचा खंड्या’ कुठल्या महिन्यांत दिसला ते काढायला बसलो. शोधात आल्या त्या फक्त संगणकावर लिहिलेल्या फायली. फोनवर टिपलेल्या नोंदींत हेच शब्द डोळ्यांना लख्ख दिसत होते, पण शोधाला ते सापडत नव्हते.

भानगड ‘ऱ्या’त आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक म्हणजे ‘संकेत’ देणाऱ्या जागतिक पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो, त्याला हलन्त जोडून पुढे ‘या’. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) आणि मग ‘या’. लिप्यंतर पद्धतीच्या काही कळफलकांतून ही दुसरी तऱ्हा येते. पडद्यावर ‘पांढऱ्या’ आणि ‘पांढर्‍या’ सारखेच दिसतात. आतून मात्र पहिल्यात आठ संकेत आहेत आणि दुसऱ्यात नऊ. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचा मजकूर फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात आणि त्या अदृश्य चिन्हालाही तीनच. म्हणजे एक शब्द २४ बाइटांचा, दुसरा २७ बाइटांचा. शोधणारं यंत्र बाइट जुळवतं, आकार नाही. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) शब्दाचे बाइट मोजून पाहा, लगेच पटेल. साधनं हाताशी नसतील तर बॅकस्पेस वापरा. एका दाबात एकच संकेत पुसणाऱ्या एडिटरमध्ये पहिला शब्द आठ दाबांत संपतो, दुसऱ्याला नऊ लागतात.

‘ॲ’चीही तीच गत. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहायचे आणि काही कळफलक आजही तेच देतात. माझ्याकडे ‘ॲशी प्रिनिया’ आणि ‘अॅशी प्रिनिया’ असे दोन पक्षी झाले होते. (ज्यांनी पहिल्यापासून ‘राखी वटवट्या’ लिहिलं, ते सुटले.)

युनिकोडचं प्रमाणीकरण (समान मानलेली रूपं एकसारखी करणारी प्रक्रिया) चालवलं की हे मिटेल, असं काही जणांनी सुचवलं होतं. नाही मिटत. ‘र’खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ प्रमाणीकरणाने एकसंध ‘ऱ’ होतो, हे खरं. पण जोडचिन्हाच्या ‘र्‍’ला ते हात लावत नाही, आणि ‘अॅ’चा ‘ॲ’ही करत नाही. युनिकोडच्या लेखी हे वेगळेच मजकूर आहेत. तेव्हा काम शोधा-बदलानेच करावं लागतं, आणि एडिटरची खरी परीक्षा तिथे होते.

म्हणून मी ‘कसोटी’ नावाची एक छोटी फाइल केली. तीत दोन्ही ‘पांढऱ्या’, दोन्ही ‘ॲ’, ‘कुऱ्हाड’, ‘वैशिष्ट्य’, ‘लक्ष्मी’, आणि ‘सर्वांनीं’सारखा रफार, मात्रा, अनुस्वार सगळं डोक्यावर घेतलेला एक शब्द. प्रत्येक एडिटरमध्ये ती उघडायची आणि पाहायचं: वरच्या मात्रा कापल्या जातात का, बाणाच्या कळीने कर्सर अख्ख्या अक्षरावरून जातो का, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनने (शोधायचा साचा लिहून देण्याच्या पद्धतीने) दोन्ही रूपं एका दमात सापडतात का.

विमवर माझा जीव होता, ते आधीच सांगतो. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये बाहेर आणलेला हा एडिटर आजही इंग्रजी मजकुरासाठी मला सगळ्यात वेगवान वाटतो. मराठी नोंदींसाठी मात्र दोन अडचणी आहेत. पहिली टर्मिनलची. तिथे प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीचा चौकोन मिळतो आणि देवनागरीची जोडाक्षरं त्यात नीट बसत नाहीत. कुठे मात्रा सुटून बाजूला पडते, कुठे पुढचं अक्षर अंगावर येतं. दुसरी अडचण कळफलकाची, आणि ती जास्त जाचक. विममध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी, आज्ञेची वेगळी. इन्स्क्रिप्ट चालू असताना एस्केप दाबून आज्ञेच्या अवस्थेत आलो की एच, जे, के, एल या हालचालीच्या कळांवर प, र, क, त बसलेले असतात. ओळ पुसायला डी दोनदा दाबावा तर दोन हलन्त उमटायला निघतात. म्हणजे दर वेळी कळफलक बदला, आज्ञा द्या, पुन्हा बदला. दुसऱ्या कळफलकावरही आज्ञा चालवून देणारी लँगमॅप नावाची सोय आहे, हौशी माणसाने ती जरूर पाहावी. मला नोंद लिहिताना एवढं लक्ष बोटांकडे द्यायचं नाहीये, सगळं लक्ष त्या पक्ष्याकडे हवंय.

ईमॅक्समध्ये हा कळफलकाचा तिढा फार सुंदर सुटतो. इन्स्क्रिप्ट त्याच्या पोटातच आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की देवनागरी सुरू, पुन्हा दाबली की बंद, आणि देवनागरी चालू असतानाही कंट्रोलच्या आज्ञा तशाच चालतात. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरं जोडून मांडायला त्यात हार्फबझ हे साधन आलं. कसोटी फाइल तिथे देखणी दिसली. शिवाय कर्सरखालच्या अक्षराची अख्खी कुंडली तो मांडून देतो: संकेत कोणता, नाव काय, शेजाऱ्याशी जोडून काय बनलं. कुठला ‘ऱ्या’ कुठल्या तऱ्हेचा हे तपासायला माझ्या माहितीत याहून चांगलं साधन नाही. ज्यांना ईमॅक्स आधीपासून येतो त्यांनी दुसरीकडे बघूच नये.

विंडोजवाल्यांसाठी दोन गोष्टी. नोटपॅड आता पूर्वीचा राहिलेला नाही. २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून तो नवी फाइल आपसूक यूटीएफ-८ मध्ये ठेवतो, तेव्हा रोजच्या टिपणांना तो पुरेसा आहे. पण अनेक फायलींत एकदम शोधायचं असेल तर नोटपॅड++ घ्या. त्याच्या एन्कोडिंगच्या मेनूत फाइल कशात आहे ते दिसतं आणि तिथूनच बदलताही येतं. हे महत्त्वाचं आहे, कारण जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ म्हणून साठवलेल्या फायली प्रत्यक्षात यूटीएफ-१६ असतात. ग्रेप या शोधायच्या आज्ञेला त्यांत एकही मराठी शब्द सापडत नाही आणि फाइल रिकामी असल्यासारखी वगळली जाते. माझ्या एका मित्राच्या जुन्या माळरानाच्या नोंदी अशाच होत्या. रूपांतर केल्यावर सगळ्या शोधात आल्या.

माझं घोडं मात्र केटवर थांबलं. केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाचा हा एडिटर लिनक्सवर आहे, विंडोजवरही चालतो. डाव्या बाजूला फोल्डर, उजवीकडे फाइल, खाली शोधाची पट्टी, बस्स. अख्ख्या फोल्डरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधता येतं, त्यामुळे पांढ(ऱ्|र्‍)या एवढं लिहिलं की दोन्ही तऱ्हा एकत्र हाती येतात. फॉन्टच्या जागी कोड लिहिण्याचा समान रुंदीचा फॉन्ट काढून मी सरळ मुक्ता लावला. समान रुंदीच्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी नसतेच, मग यंत्र कुठूनतरी दुसरा फॉन्ट उसना आणतं आणि ओळींची उंची बिघडते. नोंदींना रकाने जुळवायचे नसतात, तेव्हा वाचायला सुखाचा फॉन्ट लावावा. मुक्तामध्ये वरच्या मात्रा अजिबात कापल्या गेल्या नाहीत.

केट ठरल्यावर पहिलं काम केलं ते सगळ्या फायली एका वळणावर आणण्याचं. आधी पूर्ण फोल्डरची प्रत, मग दोनच बदल: जोडचिन्हाचा ‘र्‍’ जिथे असेल तिथे ‘ऱ्’, आणि ‘अॅ’च्या जागी ‘ॲ’. इथे एक धोक्याची सूचना. ‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ असं करणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात, त्या मराठीवर चालवू नका. नुसतं जोडचिन्ह काढलं की मागे उरतो साधा रफार, आणि ‘पांढर्‍या’चा ‘पांढर्या’ होतो. त्याहून वाईट म्हणजे ‘दर्‍या’चा ‘दर्या’ होतो, आणि तो शब्दही शुद्धच असल्याने शुद्धलेखन तपासणीत पकडला जात नाही. डोंगरातल्या नोंदी बघता बघता समुद्रावरच्या होतात.

बदल झाल्यावर पुन्हा खंड्या शोधला. फोनवरच्या सगळ्या नोंदी आल्या.

फोनवर मार्कोर हा मुक्तस्रोत एडिटर ठेवलाय, तोही साध्याच फायली लिहितो. फोन आणि संगणक यांतली देवाणघेवाण सिंकथिंगने होते. फाइलच्या नावांबद्दल मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागली. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलप्रणालीत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजीत ती पुरून उरते. देवनागरीत मात्र ८५ संकेतांतच संपते, आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे त्यात मोजले जातात. जागा, सोबती, हवामान सगळं नावात कोंबायची सवय असेल तर नाव अर्ध्यावरच अडतं. मी आता नावात फक्त तारीख आणि जागा ठेवतो. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि अंक सगळीकडे एकाच लिपीतले. देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळले की यादीत एकाच वर्षाच्या फेऱ्या दोन ठिकाणी विभागल्या जातात.

क्रमाबद्दल अजून समाधान नाही. पक्ष्यांच्या नावांची यादी संकेतांच्या क्रमाने लावली तर ‘क्ष’ने सुरू होणारं सगळं ‘क’च्या शेवटी जातं, आणि ‘ळ’ येतो ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये. शाळेत शिकलेली वर्णमाला अशी नाही. मराठी लोकेल (भाषेनुसार क्रम वगैरे ठरवणारी मांडणी) लावून क्रमवारी करून पाहणं, हे पुढचं काम. त्याआधी फोनवरचा कळफलक बदलून इन्स्क्रिप्टचा घेतोय, म्हणजे नव्या नोंदी तरी मुळातच एका वळणाच्या येतील. तो अंगवळणी पडेपर्यंत केटमधला तो एक शोध दर रविवारी फेरीच्या नोंदी उतरवून झाल्या की चालवायचा, असं ठरवलंय. कसोटी फाइलमध्ये आणखी कुठले शब्द हवेत ते सुचवा. कोकणी किंवा अहिराणी शब्द टिपणाऱ्यांकडे मला माहीत नसलेली जोडाक्षरं नक्की असतील.