दादाची मधली वीस वर्षं

मागच्या वर्षी मे महिन्यात दादाची एंजियोप्लास्टी झाली तेव्हा तो ४८ चा होता. घरात सगळे एकच बोलत होते, अरे हा तर कबड्डी खेळायचा ना, याला काहून झालं? आणि खरंच खेळायचा. कॉलेजात असताना नागपूरच्या महाल भागातून रोज सायकलने जाणंयेणं, संध्याकाळी मैदान, घरी आला की आईच्या हातच्या सहा पोळ्या एका बैठकीत. मग नोकरी लागली, गाडी आली, लग्न, पोरगा, आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. डॉक्टरांनी विचारलं शेवटचा व्यायाम केव्हा केला होता, तर त्याला सालच आठवेना.

तेव्हापासून या विषयावर जे सापडेल ते मी वाचून राहिले. अमेरिकेत कार्डिया नावाचा अभ्यास १९८५-८६ मध्ये सुरू झाला, चार शहरांतली १८ ते ३० वयाची पाच हजारांवर माणसं, काळी-गोरी दोन्ही, आणि तीस वर्षं त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून बीपी मोजलं, हालचाल किती होते ते विचारलं. १८ ते ४० या वयात सगळ्यांचाच व्यायाम घसरला. चाळिशीनंतर गोऱ्यांची घसरण थांबली, काळ्या लोकांची मात्र चालूच राहिली, आणि हाय बीपीसुद्धा त्यांच्यातच जास्त. तरुणपणी आठवड्याला पाच तास मध्यम व्यायाम करणाऱ्यांना हाय बीपीचा धोका १८ टक्के कमी होता आणि ज्यांनी तो साठीपर्यंत टिकवला त्यांना आणखी कमी. हे 'टिकवला' मला फार लागलं, कारण दादानं सुरुवात तर केलीच होती ना.

हा काळ्या-गोऱ्यांतला फरक कातडीचा आहे असं मला वाटत नाही. वस्ती कशी आहे, कामाचे तास किती, चालायला सुरक्षित जागा आहे का, यानं खूप ठरतं. आपल्याच नागपुरात बघा, लक्ष्मीनगरच्या माणसाला घराजवळ बगीचा आहे, इतवारीत दुकान सांभाळणाऱ्यानं रात्री शटर पाडून त्या गल्लीत गाड्यांच्या मधून कुठे चालावं?

पण शरीराचाही भाग आहे, आणि तो आपल्या लोकांनी मनावर घ्यावा असा आहे. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. तेवढ्याच वजनाला आपल्या पोटात चरबी जास्त साठते, म्हणून आपल्याकडे कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत पाहिजे असं सांगतात. ग्लासगोच्या संशोधकांनी तिथल्या गोऱ्या आणि दक्षिण आशियाई पुरुषांची तुलना केली, तर गोऱ्यांना आठवड्याला १५० मिनिटांत जो फायदा होतो त्यासाठी आपल्याला चार तासांच्या आसपास लागतात असा हिशेब निघाला. मी दादाला हे सांगितलं तर तो गप्पच बसला, मग म्हणाला, म्हणजे रोज पस्तीस मिनिटं, एवढंच ना.

आणि जिम पाहिजे असंही नाही. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवाल्यांचं छापलं होतं, दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिना चढून-उतरून तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी. हे वाचल्यापासून मी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनात लिफ्टच्या रांगेत उभी राहत नाही.

आता दादा पहाटे साडेपाचला अंबाझरी तलावावर चालायला असतो, उन्हाळ्यात पाचलाच, कारण साडेआठला तर नुसतं भाजतं. वहिनी म्हणायची मी दिवसभर घरात चालूनच राहिली ना, पण तिची कंबर मोजली तेव्हापासून तीही येते, मागे राहते, पण येते.

मला काळजी दादाच्या पोराची आहे. २३ चा आहे, मिहानमधल्या कंपनीत नवी नोकरी, शिफ्ट, गल्लीतलं क्रिकेट याच वर्षी बंद झालं. बापाचं नेमकं इथूनच सुटलं होतं. दादानं मागच्या आठवड्यात जिन्याखालची सायकल काढली, चेन, दोन्ही टायर, ब्रेक सगळं बदलून आणलं आणि काही न बोलता त्याच्या बाईकच्या बाजूला लावून ठेवली. रविवारी पोरगा तिच्यावर फुटाळा तलावापर्यंत जाऊन आला. या रविवारी मी त्याला फोन करणार आहे.